मोजून ठेवलेलं पाणी

आण्णा म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर त्यांचं शुगर तपासायचं यंत्र मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकून दिलं. फेकून द्यायला हात होत नव्हता आणि डोळ्यांसमोर तर नकोच होतं. ते पुन्हा खाली उतरलं ते आमच्या बोक्यासाठी. पट्टी खोचल्यावर त्याचा तो बारीक ‘टिक’ आवाज घरात वाजला, तशी आई निवडत असलेली मेथी परातीत तशीच टाकून अंगणात जाऊन बसली. मी तिला हाक मारली नाही. एका हातात बोक्याचं मानगूट आणि दुसऱ्या हातात सुई असताना माणसाला रडता येत नाही.

बोका आण्णांचा. पिवळा, आडदांड, गल्लीतल्या कुत्र्यांना न भिणारा. आण्णा जेवायला बसले की तो त्यांच्या मांडीला टेकून बसायचा आणि दूध-भाकरीचा पहिला घास त्याचा असायचा. मला त्याचं कधी फारसं कौतुक नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, इथं उमरग्यातल्याच शाळेत, आणि घरी आल्यावर मला शांतता लागते. तो मात्र माझ्या तपासायच्या वह्यांवर नेमका पसरायचा. तरी आण्णांच्या मागं घरात आई, मी आणि तो एवढेच उरलो होतो, त्यामुळं आमचं एकमेकांना चालवून घेणं सुरू होतं.

आण्णा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळा लागायच्या सुमाराला त्याची पाठ हाताला टोचायला लागली. खायचा तर राक्षसासारखा, अंगाला काही लागत नव्हतं. पाणी मात्र जिथं दिसेल तिथं प्यायचा. बादलीत, तुळशीच्या आळ्यात, न्हाणीत सांडलेलंसुद्धा. आई एक दिवस म्हणाली, “ह्याला बी त्यांचंच झालंय.” मी तिच्यावर खेकसले. जरा कुणी पाणी प्यालं की हिला शुगरच दिसते, असं काहीबाही बोलले. तिनं वाद घातला नाही. मला न्हाणीच्या कोपऱ्याशी घेऊन गेली आणि तो लघवी करायचा ती जागा दाखवली. मुंग्यांची रांग लागली होती. आण्णांची शुगरही तिला आधी मुंग्यांनीच सांगितली होती, डॉक्टरांनी नंतर.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात म्हशी आणि शेळ्यांची गर्दी होती आणि मांजर म्हटल्यावर सगळे माझ्याकडं बघून हसले. कुणीतरी सांगितलं की हायवेकडं एक डॉक्टरीण बसते, कुत्र्यामांजरांचं बघते. बोक्याला चेनच्या बाजाराच्या पिशवीत कोंबून आम्ही दोघी रिक्षानं निघालो. रस्ताभर तो असा काही ओरडला की रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून विचारलं, आत काय आहे म्हणून. डॉक्टरीण पोरगीच होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं रक्त तपासलं, आकडा बराच वर होता. पण ती म्हणाली, मांजराची साखर भीतीनंही चढते, हा पिशवीतून आलाय, घाबरलाय, हा आकडा खरा धरता येत नाही. संशय आहे, खात्री नाही. नुसत्या संशयावर इन्सुलिन सुरू केलं आणि शुगर नसलीच, तर बोका हातचा जाईल. तेव्हा घरीच बघा. कानाच्या कडेला टोचून रक्त, दर दोन दिवसांनी वजन आणि दिवसभरात पाणी किती पितो ते. दिवसभर घरात आईच असणार, म्हणून ती आईकडं बघून म्हणाली, “पाणी मोजून ठेवत जा, आज्जी.”

आई उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मला वाटलं, स्पिरिटच्या वासानं तिला मळमळलं असेल.

घरी आल्यावर आमचा खेळ सुरू झाला. आधी ऊन पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं कान शेकायचा, म्हणजे रक्त उतरतं. मग कडेला सुई. पहिल्या दिवशी मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा स्वतःलाच टोचून घेतलं. वजनासाठी काट्यावर आधी मी एकटी उभी राहायचे, मग त्याला उचलून. त्यात त्याचं वजन कळायचं आणि माझंही कळायचं, हा त्यातला तोटा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण डॉक्टरनं भाकरी बंद करून अंडी सांगितली, तेव्हा आईनं औषध म्हणून परवानगी दिली आणि अंगणात वेगळी शेगडी मांडून दिली. शेजारच्या काकू भिंतीवरून हे सगळं बघायच्या. म्हणाल्या, मांजराला शुगर, आता उंदराला बीपी व्हायचं बाकी आहे. मी हसले. आई हसली नाही.

ती का हसली नाही हे समजायला आण्णांचा शेवटचा महिना सांगायला हवा. शुगरनं त्यांच्या किडन्या गेल्या. पायांना सूज चढली, तोंड सुजलं. त्यांना सोलापूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. सोडायच्या दिवशी माझ्यावर दहावीच्या परीक्षेचं काम होतं, मी संध्याकाळच्या गाडीनं पोचले. तोवर डॉक्टर सगळं सांगून गेले होते आणि ते आईनं एकटीनं ऐकलं होतं. गोळ्या, मीठ बंद आणि पाणी मोजून द्यायचं. किडनी म्हटल्यावर मीही मान डोलावली. घरी आल्यावर आईनं एक स्टीलचं फुलपात्र ठरवलं आणि दिवसात तेवढी ठरावीक फुलपात्रं, वर थेंब नाही. उन्हातून आल्यावर उभ्यानं तांब्या रिकामा करणारा माणूस तो. आधी चिडायचे, मग लाडीगोडी लावायचे, मग नुसतं बघायचे. एका दुपारी म्हणाले, घोटभर दे गं. आई म्हणाली, जरा ऊन उतरू द्या, मग देते. ऊन उतरायच्या आत ते गेले. आई त्यानंतर त्यावर कधी एक शब्द बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

डॉक्टरणीकडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी सकाळची शाळा करून आले तर मधल्या खोलीत आण्णांच्या बाजेशेजारी तांब्या ठेवलेला. ती बाज आम्ही हलवली नव्हती. काठोकाठ भरलेला, घासून लख्ख केलेला पितळी तांब्या, वर झाकण नाही. मी विचारलं, हे कुणासाठी. आई पोळी लाटत होती. वर न बघता म्हणाली, “तहान लागती त्यांना.”

दिवसकार्य झाल्यानंतर कुणी असं पाणी ठेवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण तिच्या मनाला बरं वाटत असेल तर असू दे, असं ठरवून मी जेवले. संध्याकाळी तांब्याजवळून जाताना माझी नजर आत गेली. पाणी खाली गेलं होतं. आई मागून आली, तांब्यात बोटं घालून बघितलं आणि म्हणाली, “चार बोटं प्याले आज.” प्याले. प्याला नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि तो आल्याचा मला रागही आला.

मग मी शिक्षिकेसारखी वागले. आमच्याकडच्या उन्हात पाणी उडतं, पण एका दुपारीत चार बोटं उडत नाही. बोका पीत असेल म्हणावं, तर त्या तांब्याचा गळा अरुंद. मी बोक्याला उचलून त्याचं तोंड त्यात घालून बघितलं. काठाचं पाणी त्यानं चाटलं, पण खाली तोंड जाईना, आणि वर माझ्या मनगटावर त्यानं लांब ओरखडा काढला. आई स्वतः पीत असेल असं वाटलं, पण ती माठाशिवाय दुसरीकडचं पाणी पीत नाही. याउपर माझ्याकडं शास्त्र नव्हतं.

आमच्या घरात दुपारी फार शांत असतं. हायवेवरचे ट्रकही जेवणाला थांबतात. मी पुढच्या खोलीत वह्या तपासायला बसायचे आणि मधल्या खोलीतून बाजेची नवार ताणल्यासारखी कुरकुरायची. मग आईचा अगदी हळू आवाज, “प्या.” थोड्या वेळानं पुन्हा, “प्या.” आणि त्यानंतर, मी शपथेवर सांगते, कुणीतरी पाणी पीत असल्याचा आवाज. मधे फक्त एक पडदा होता. उठून तो बाजूला करायला किती वेळ लागतो? पण मी उठले नाही. एकेका वहीवर दोनदा सही करत बसले. मला भीती आण्णांची वाटत नव्हती. पडदा उघडला आणि आत आई रिकाम्या बाजेशी बोलताना दिसली, तर तिचं काय करायचं, याची वाटत होती. आणि खरं सांगायचं तर, बाज रिकामी नसली तर काय, हेही मनात यायचं.

बोक्याच्या वाटीचं पाणी मात्र मी नेटानं मोजत होते. प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणलं होतं. सकाळी मोजून घालायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. रोज कमी कमी पाणी संपत होतं. कानाच्या रक्ताचे आकडे उलटसुलट येत होते, कधी थेंब अपुरा पडायचा, कधी यंत्र नुसतं चूक दाखवायचं. मी फोनवर डॉक्टरणीला सगळं कळवायचे. ती म्हणाली, माणसाच्या यंत्राचा आकडा मांजराला तंतोतंत बसत नाही, पण शुगर असती तर पाणी एवढं कमी प्याला नसता, भीतीचाच आकडा असेल, अजून थोडं थांबू. मला हायसं वाटलं. आईला सांगितलं, बोक्याची तहान कमी झालीय, तुझा अंदाज चुकला. ती म्हणाली, बरं.

पण वजन उतरत होतं. आणि एका सकाळी तो अंगणातून चालत आला, तर मागचे पाय बोटांवर नव्हे, टाचेपर्यंत सगळे जमिनीला टेकून, घासत. आण्णा शेवटी असेच चालायचे, पायाखाली काही लागत नसल्यासारखे. आई आणि मी दोघींनी ते एकदमच बघितलं आणि दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. शाळेच्या वाटेवर मी स्वतःशी म्हणाले, पाणी कमी पितोय ना, मग हे दुसरं काहीतरी असेल.

त्या दिवशी शाळेत टँकर आला नाही, म्हणून पोरांना लवकर सोडलं. मी वेळेआधी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढताना मधल्या खोलीतून आईचा आवाज आला, “प्या.” उन्हातून आल्यामुळं असेल किंवा सकाळचे ते पाय डोळ्यांसमोर असल्यामुळं असेल, मी थांबले नाही. पडदा सारला.

आई बाजेशेजारी जमिनीवर बसली होती. बाजेवर बोका. तिनं तांब्यातलं पाणी स्टीलच्या फुलपात्रात ओतलं, त्याच फुलपात्रात, आणि ते दोन्ही हातांनी त्याच्या तोंडाखाली धरलं. तो अधाशासारखा लपलप पीत होता. ती म्हणत होती, “प्या. कुणी बघत न्हाय. पोटभर प्या.”

मी ओरडले. इतकी ओरडले की बोका उडी मारायला गेला आणि मागच्या पायांनी त्याला दगा दिला, तो बाजेवरून खाली पडला. मी म्हणाले, तू मला वेडं करायचं ठरवलंयस का, मी रोज थेंब थेंब मोजते, डॉक्टरणीला खोटे आकडे सांगते, आणि तू मागच्या मागं त्याला पाजतेस. तुझ्यामुळं तो मरेल.

आई फुलपात्र तसंच धरून बसली होती. “ती पोरगी म्हणली, पाणी मोजून ठेवा. एका जिवाला दिलं म्या मोजून. आता दुसऱ्याला न्हाय द्यायची. तू जीव घेतलास तरी न्हाय.”

मला आधी ती काय म्हणतेय ते कळलंच नाही. मग कळलं आणि माझा सगळा राग पाय घसरल्यासारखा खाली बसला. मी तिच्याजवळ बसले. म्हणाले, आई, त्याला पाणी कमी द्यायचं नव्हतं. हवं तेवढं प्यायला द्यायचं होतं. किती पितो एवढंच कळायला हवं होतं, म्हणून मोजून ठेवायचं, म्हणजे घालताना मोजायचं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “हवं तेवढं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, घागरभर प्याला तरी. तिनं हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. मी तांब्यातली रोजची चार बोटं मोजपात्रात घालून बघितली. वाटीतल्या पाण्यात ती मिळवली, तर एवढ्याशा मांजराच्या मानानं भलतंच पाणी झालं. फोनवर आकडा ऐकल्यावर डॉक्टरीण म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

या वेळी पिशवीत तो ओरडलाही नाही. तिनं सलाइन लावलं, लघवी तपासली, आणि आता संशय नाही म्हणाली. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर काही करता आलं नसतं, हेही म्हणाली. आई शेजारीच उभी होती. ते वाक्य तिच्यासमोर बोलायची गरज नव्हती, पण त्या पोरीला कुठं काय ठाऊक.

इन्सुलिन सुरू झालं. मानेवरचं कातडं चिमटीत धरून आई त्याला धरून बसते आणि मी टोचते. फ्रीजच्या दारात पुन्हा ती बारकी बाटली आली, अगदी आण्णांच्या जागेवर. हळूहळू त्याचं अंग भरलं, मागचे पाय बोटांवर आले. आता तो पुन्हा माझ्या वह्यांवर पसरतो. तांब्या आईनं आपण होऊन उचलला आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

श्रावण लागला होता. मी शाळेतून येऊन हातपाय धुतले, तेव्हा आई बाजेच्या कडेला बसलेली होती. मला म्हणाली, जरा बस. मी बसले.

“एक सांग मला. सोलापूरच्या त्या डॉक्टरनं बी ‘मोजून ठेवा’च म्हणलं आसंल का? अन् म्या ‘मोजून द्या’ ऐकलं आसंल?”

मी लगेच बोलायला लागले. वर्गात बोलते तशी. आण्णांचं वेगळं होतं, त्यांच्या किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, सूज होती, जास्तीचं पाणी छातीत गेलं असतं, त्यांना कमीच द्यायला हवं होतं. यातलं काही खोटं नव्हतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“त्ये न्हाय विचारलं. डॉक्टर काय म्हणलं त्ये विचारलं.”

“मोजून द्या म्हणाले.”

“तू कुठं व्हतीस तिथं?”

“होते,” मी म्हणाले. “दाराशी उभी होते. तुझं लक्ष नव्हतं.”

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती फाटकाशी उभी राहून माझी वाट बघत होती. माझ्या हातातली पिशवी तिनंच घेतली होती. हे तिलाही आठवत असणार. तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, “बरं.”

तेव्हापासून अधूनमधून, कधी भाकरी थापताना, कधी बोक्याला धरून बसलेली असताना, ती मला ते पुन्हा सांगायला लावते. डॉक्टर काय म्हणाले गं? आणि मी सांगते. दर वेळी थोडं थोडं जास्त सांगते, म्हणजे तिला पटावं. डॉक्टरांचा चष्मा कपाळावर होता. पंखा कटकट वाजत होता. तू पदरानं आण्णांचे पाय पुसत होतीस. ती मान हलवते, व्हय, पुसत व्हते. मग तिला त्या रात्री झोप लागते.

मला लागत नाही. त्या खोलीत मी कधी पाऊल ठेवलं नाही, पण आता ती मला दिसते, दाराची चौकट माझ्या खांद्याला लागते. डॉक्टर आईकडं वळून बोलतात आणि मला ते स्वच्छ ऐकू येतं. आई समोर असली की ते म्हणतात, पाणी मोजून द्या. मी एकटी असले की म्हणतात, मोजून ठेवा.